गडद रंगाची गाडी, टँकरचे पाणी आणि पॉलिश-सीलंटची निवड

वाघबीळकर

नमस्कार. मी ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर राहतो आणि माझ्याकडे चार वर्षे वापरलेली गडद निळी सेडान आहे. सावलीत ती अजून बरी दिसते, पण उन्हात उभी केली किंवा रात्री मोबाइलची बॅटरी बॉनेटवर धरली, की प्रकाशाच्या ठिपक्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या असंख्य बारीक गोल रेघा दिसतात. शिवाय आमच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये पावसाळ्यात छताच्या सांध्यातून पाणी ठिबकते. त्याचे पाच-सहा पांढरे, चुन्यासारखे डाग टपावर आणि डाव्या मागच्या दारावर बसले आहेत.

एका गॅरेजमध्ये विचारले, तर "रबिंग मारून वर टेफ्लॉन करून देतो, गाडी शोरूममधून काढल्यासारखी होईल" असे उत्तर मिळाले. दुसऱ्या ठिकाणी सिरॅमिक कोटिंगचे अठरा हजार रुपये सांगितले. दुकानात गेलो, तर पॉलिश, ग्लेझ, वॅक्स, सीलंट आणि कोटिंग अशा नावांच्या बाटल्या मांडलेल्या होत्या आणि विक्रेत्याच्या मते सगळ्याच बाटल्या सगळ्याच गाड्यांसाठी उत्तम होत्या. हे काम स्वतः करण्याची माझी तयारी आहे आणि रविवारचे चार-पाच तास मी देऊ शकतो. मात्र आमच्या सोसायटीत पाइप लावून गाडी धुण्यास मनाई आहे आणि पाणी बहुतेक वेळा टँकरचे असते. या परिस्थितीत नेमके काय घ्यावे आणि कोणत्या क्रमाने लावावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पारसिकवासी

आधी शब्दांचा घोळ निस्तरूया, कारण निम्मे पैसे तिथेच वाया जातात. पॉलिशमध्ये अपघर्षक कण असतात, बहुधा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे. ते रंगावरच्या पारदर्शक थराचा अगदी पातळ पापुद्रा घासून काढतात. रेघ ही त्या थरातली चरी असते. तिच्या आजूबाजूची पातळी खाली आणली, की रेघ नाहीशी होते. म्हणजे पॉलिश काहीतरी काढून घेते. मागे काहीही ठेवत नाही. वॅक्स आणि सीलंट यांचे काम नेमके उलटे आहे. ते वर एक थर ठेवतात, पण रेघ काढत नाहीत. ग्लेझ हा तिसराच प्रकार आहे. त्यातले तेल आणि भराव रेघांमध्ये बसतात, त्यामुळे दोन-तीन धुण्यांपर्यंत गाडी नवी दिसते आणि मग जुन्या रेघा पुन्हा हजर होतात. स्वस्तातल्या बऱ्याच "रबिंग-पॉलिश"चा चमत्कार हाच असतो. खात्री करायची असेल, तर काम झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मे-निम्मे करून त्या भागावरून फडका फिरवावा. भराव असेल तर तो निघून जातो आणि खरे रूप दिसते.

वॅक्स म्हणजे मुख्यत्वे कार्नोबा, ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचे मेण. गडद रंगावर त्याची झळाळी फार सुंदर दिसते, हे मी नाकारत नाही. परंतु ते ८० ते ८६ अंश सेल्सियसच्या आसपास वितळते, मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या गडद बॉनेटचे तापमान ७० अंशांच्या घरात जाऊ शकते, आणि त्यानंतर लगेच आपल्याकडचे चार महिन्यांचे पावसाचे सत्र सुरू होते. त्यामुळे ते दीड-दोन महिन्यांपेक्षा जास्त टिकेल अशी अपेक्षा मी ठेवत नाही. सीलंट हे कृत्रिम पॉलिमर असते. ते उन्हाला आणि शाम्पूला अधिक तोंड देते आणि माझ्या अनुभवात चार ते सहा महिने काम करते. तुमच्यासाठी मी सीलंटच सुचवीन. पण पॉलिशची बाटली उघडण्यापूर्वी या रेघा आल्या कुठून, याचे उत्तर द्या. गाडी रोज कोण पुसते?

जुना रंगारी

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या वर्कशॉपांमध्ये माझी बावीस वर्षे डेंटिंग-पेंटिंगमध्ये गेली, म्हणून रंगाच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो. कारखान्यातल्या गाडीवर पत्र्यापासून वरपर्यंत चार थर असतात: गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि सर्वांत वर क्लिअर, म्हणजे तोच पारदर्शक थर. सगळे मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतात आणि त्यात क्लिअरचा वाटा ४०-५० मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे तुमच्या रंगाची सगळी राखण केसापेक्षा पातळ पापुद्रा करतो. उन्हातल्या अतिनील किरणांना अडवणारी द्रव्येही त्याच थरात असतात. सौम्य पॉलिशचा एक हात एक-दोन मायक्रॉन काढतो. भरड कंपाउंड, म्हणजे पॉलिशपेक्षा जाड कणांचा लेप, आणि लोकरीची गादी लावली तर त्याहून बरेच अधिक जाते, आणि गेलेले क्लिअर परत येत नाही. दर दिवाळीला हौसेने रबिंग करून घेणाऱ्यांच्या गाड्यांचे टप सातव्या-आठव्या वर्षी पांढरट पडून सोलू लागलेले मी स्वतः रंगवले आहेत. त्यांच्यामुळे माझे पोट भरले ही गोष्ट वेगळी.

दुसरे असे की, पत्र्याच्या दुमडलेल्या कडांवर, म्हणजे बॉनेटच्या धारेवर आणि दारांच्या उठावदार रेषांवर, क्लिअर मुळातच पातळ असते, कारण ओला रंग धारेवरून बाजूला सरकतो. गोल फिरणारे रोटरी मशीन तिथे दोन सेकंद जास्त रेंगाळले, तरी रंग जळतो. म्हणून नवख्या माणसाने रोटरीला हात लावू नये. ड्युअल अ‍ॅक्शन मशीनची गादी फिरता फिरता हलतेही, त्यामुळे उष्णता एका जागी साठत नाही. तरीही कडांवर मास्किंग टेप लावावी. बंपर आणि आरशांच्या काळ्या प्लास्टिकवरही लावावी, कारण पॉलिश तिथे सुकले तर पांढरा राप जाता जात नाही. गाडीचा एखादा भाग पूर्वी बाहेर रंगवून घेतला असेल, तर तो आधी ओळखा. जाडी मोजणारे यंत्र पत्र्यावर २०० मायक्रॉनच्या वर आकडा दाखवू लागले, की तिथे पुन्हा रंगकाम झालेले असते, आणि ५०० च्या पुढे गेले तर खाली पुट्टी आहे असे समजावे. प्लास्टिकच्या बंपरवर हे साधे यंत्र चालत नाही.

कोपरीची

विषय थोडा वळवते, पण याच विषयातला आहे. माझी गाडी पांढरी आहे आणि कोपरीला रुळांच्या अगदी जवळ उभी असते. रेघा दिसत नाहीत, मात्र दारांच्या खालच्या भागात आणि मागच्या दरवाजावर केशरी रंगाचे सुईच्या टोकाएवढे ठिपके आले आहेत. धुऊन जात नाहीत. गॅरेजवाल्याने "गंज सुरू झाला, रंग काढावा लागेल" असे सांगितल्यामुळे मी घाबरले आहे. हे पॉलिशने जाईल का?

पारसिकवासी

ताई, घाबरू नका, पत्रा बहुधा धडधाकट आहे. ती लोखंडाची धूळ असते. रेल्वेच्या चाकांतून आणि ब्रेकमधून, तसेच आपल्याच गाडीच्या डिस्क ब्रेकमधून बारीक तप्त कण उडतात, क्लिअरमध्ये रुततात आणि दमट हवेत गंजतात. गंजतो तो कण. गाडीचा पत्रा नाही. सानपाड्याच्या कारशेडजवळ राहणाऱ्या माझ्या मेहुण्याच्या गाडीवरही असेच ठिपके होते. यावर आयर्न रिमूव्हर नावाचा फवारा मिळतो. तो सावलीत, थंड पत्र्यावर मारला की दोन-तीन मिनिटांत प्रत्येक ठिपक्यापासून जांभळे ओघळ सुटतात. कुजक्या अंड्यासारखा वास येतो, त्यामुळे हातमोजे घालावेत आणि शेजाऱ्यांना आधीच कल्पना द्यावी. फवारा सुकू देऊ नये, भरपूर पाण्याने धुवावे. त्यानंतर जे उरेल ते क्ले बारने काढावे. हा मळलेल्या कणकेसारखा गोळा असतो. शाम्पूच्या पाण्याने पृष्ठभाग ओलाकच्च ठेवून तो हलक्या हाताने सरकवावा. आधी खरखर जाणवते आणि मग तो लोण्यासारखा सरकू लागतो. गोळा जमिनीवर पडला तर मोह न धरता टाकून द्यावा, कारण त्याला चिकटलेली वाळू पुढच्या दारावर चरे ओढते.

हे सगळे पॉलिशच्या आधी करायचे असते. रुतलेले कण तसेच ठेवून पॉलिश केले, तर तेच कण गादीखाली सापडून नव्या रेघा पाडतात. तुमच्या पांढऱ्या गाडीला क्लेनंतर थेट सीलंट लावले तरी पुरेल. पॉलिशची गरज मला दिसत नाही.

सानपाडा_पूर्व

सीलंटवर इतका भर का, हे मला समजले नाही. मी दोन वर्षांपूर्वी सिरॅमिक करून घेतले आणि आजही गाडीवरून पाणी मोत्यांसारखे ओघळते. दर सहा महिन्यांनी सीलंट लावत बसण्यापेक्षा एकदाच खर्च केलेला बरा. शिवाय त्या थराचा कठीणपणा ९एच असतो, म्हणजे ओरखडे पडण्याचा प्रश्नच उरत नाही.

जुना रंगारी

साहेब, तुमचे कोटिंग चांगले टिकले आहे याचा आनंद आहे, पण ९एच या आकड्याचा अर्थ तसा नाही. तो पेन्सिलीच्या कसोटीचा आकडा आहे. वेगवेगळ्या कठीणपणाच्या पेन्सिली ठराविक कोनात पृष्ठभागावर ओढायच्या आणि कोणत्या पेन्सिलीने ओरखडा पडतो ते पाहायचे. ९एच ही त्या मालिकेतली सर्वांत कठीण पेन्सिल असते. खनिजांच्या कठीणपणाच्या मापनाशी तिचा संबंध नाही. वाळूचा कण म्हणजे क्वार्ट्झ. त्याच्यापुढे एक-दोन मायक्रॉनच्या थराचा टिकाव लागत नाही. टेफ्लॉनविषयीही हेच सांगतो. ते सुमारे ३२७ अंशांना वितळते आणि तव्यावर बसवण्यासाठी त्याहून अधिक तापवावे लागते. गॅरेजमध्ये हाताने पुसलेल्या लेपात त्याचे कण असले, तरी ते तव्यासारखे रंगावर चिकटतील अशी अपेक्षा धरू नये. टिकते ते त्या लेपातले मेण किंवा पॉलिमर.

पारसिकवासी

सिरॅमिक वाईट आहे, असे माझे म्हणणे नाही. रसायने, उन्हाचा मारा आणि पक्ष्यांची विष्ठा यांच्यापुढे ते सीलंटपेक्षा जास्त टिकते. पण धागाकर्त्यांची अडचण वेगळी आहे. त्यांच्याकडे टँकरचे, बहुधा बोअरवेलचे जड पाणी आहे. अशा पाण्याचे मोती सपाट बॉनेटवर थांबले आणि सुकले, की प्रत्येक मोत्याच्या जागी क्षाराची एक बांगडी उरते. कोटिंग असले तरी ती उरतेच, आणि सुबक मोती जितके जास्त, तितक्या बांगड्याही जास्त. आम्हा नवी मुंबईकरांना मोरबे धरणाचे पाणी मिळते, म्हणून हा त्रास पटकन लक्षात येत नाही. आणखी एक म्हणजे कोटिंग लावताना चूक झाली, तर ती पॉलिश करूनच काढावी लागते. आपल्या दमट हवेत ते भराभर सुकते आणि पुसायला थोडा उशीर झाला तरी ढगाळ पट्टे कायमचे बसतात. सीलंटची चूक दुसऱ्या दिवशी पुसता येते. पहिल्यांदा स्वतः काम करणाऱ्याने कुठली बाटली घ्यावी, हे यावरून ठरवावे.

वाघबीळकर

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या दोन रविवारांचा वृत्तान्त देतो.

पहिल्या रविवारी फक्त धुणे आणि क्ले केले. दोन बादल्या घेतल्या, एक शाम्पूची आणि एक गाडी धुण्याचा हातमोजा खळबळण्याची. धुऊन झाल्यावर दुसऱ्या बादलीच्या तळाशी बोटभर करडा गाळ बसलेला होता. मेट्रो ४ च्या कामाची धूळ वर्षानुवर्षे आमच्या रस्त्यावर उडते आहे, तीच ती असावी. इतकी वर्षे हीच धूळ आम्ही फडक्याने गाडीवर घासत होतो, हे तो गाळ पाहिल्यावर पटले. तळघरातल्या ठिबकीच्या डागांवर पांढरे व्हिनेगर आणि पाणी सम प्रमाणात घेऊन भिजवलेला कापूस मिनिटभर ठेवला. डाग फसफसले आणि चुन्याचा थर विरघळून गेला. टपावरचे चार डाग साफ निघाले. दारावरच्या दोन डागांखाली मात्र क्लिअरमध्येच वर्तुळाकार खळगा उरला आहे. नखाला जाणवत नाही, पण तिरक्या उजेडात दिसतो.

दुसऱ्या रविवारी भाड्याने आणलेल्या ड्युअल अ‍ॅक्शन मशीनने बॉनेटच्या एका कोपऱ्यात दोन बाय दोन फुटांचा चौकोन टेपने आखून चाचणी घेतली. सुरुवात सर्वांत सौम्य पॉलिशने आणि मऊ फोमच्या गादीने केली. गादीवर वाटाण्याएवढे चार थेंब घेऊन मशीन बंद असतानाच ते पसरले, नाहीतर भिंतीवर नक्षी होते (ती आता आमच्या खांबावर आहे). मग आडवे-उभे असे चार फेरे, प्रत्येक फेरी आधीच्या पट्ट्यावर अर्धी चढवून. हाताचा वेग मी आधी फार ठेवला होता. सेकंदाला एक इंचाच्या आसपास आणल्यावर फरक दिसू लागला. अल्कोहोलने पुसून बॅटरी धरली, तेव्हा चौकोनाच्या आत जाळे जवळजवळ नव्हते आणि टेपच्या पलीकडे ते जसेच्या तसे होते. दोन-तीन खोल रेघा राहिल्या. कंपाउंड आणण्याचा मोह झाला, परंतु रंगारीकाकांचे मायक्रॉन आठवले आणि त्या तशाच राहू दिल्या. पूर्ण गाडीला साडेपाच तास लागले. आता सीलंट कसे लावावे?

पारसिकवासी

उत्तम केलेत, आणि खोल रेघा सोडून दिल्यात हे तर त्याहून उत्तम. सीलंटच्या कामात जो फसतो तो जास्त माल लावल्यामुळेच. पत्रा थंड, सावलीत आणि पॉलिशच्या तेलापासून मुक्त असायला हवा, म्हणून अल्कोहोलचा शेवटचा फडका चुकवू नका. फोमच्या चकतीवर चार-पाच थेंब एका दाराला पुरतात. लावल्यावर इतका पातळ थर दिसायला हवा, की लावला आहे की नाही याची तिरके पाहून खात्री करावी लागेल. जाड थर जास्त टिकत नाही. पृष्ठभागाला जेवढा धरून ठेवता येतो तेवढाच राहतो आणि उरलेला पुसण्यात जातो. हलका धुरकटपणा आला, की एका कोपऱ्यात बोट ओढून पाहा. बोटामागे स्वच्छ, चकचकीत रेष उमटली तर पुसायला घ्या. ओलसर ओघळ उमटला तर आणखी थांबा. बाटलीवर दहा मिनिटे लिहिलेली असली, तरी आपल्याकडच्या सप्टेंबरमध्ये वीसही लागू शकतात. पुसण्यासाठी मऊ, लांब लोंबाचे मायक्रोफायबर वापरा आणि त्याची घडी वारंवार पालटा. त्यानंतर किमान बारा तास गाडीला पाणी लागू देऊ नका, आणि या काळात त्या ठिबकणाऱ्या सांध्याखाली तर अजिबात उभी करू नका. दुसरा हात दुसऱ्या दिवशी द्या. त्याने टिकाऊपणा दुप्पट होत नाही, पण पहिल्यात सुटलेल्या जागा भरल्या जातात.

एक राहिलेच. मायक्रोफायबर धुताना कपड्यांना मऊ करणारे द्रावण घालू नका. ते धाग्यांवर बसते आणि काचेवर, रंगावर धब्बे उठवते.

कोपरीची

माझे केशरी ठिपके गेले. जांभळे ओघळ पाहून मुलगी म्हणाली की, गाडीला जखम झाली. पण धाग्याच्या सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही. रोज सकाळी गाडी पुसणाऱ्या भाऊंचे काय करावे? आमच्याकडे एकाच बादलीत, एकाच फडक्याने पहाटे पाच ते सात या वेळेत बावीस गाड्या होतात. सीलंट असो की सिरॅमिक, रोज धुळीसकट घासले तर महिन्याभरात पुन्हा जाळे येणारच.

वाघबीळकर

ताई, नेमका तोच प्रश्न होता आणि त्याचे उत्तर कुठल्याच बाटलीत नव्हते. आमच्या भाऊंना मी सांगितले की, बॉनेट, टप आणि दारे पुसू नका, फक्त काचा आणि चाके करा, महिन्याचे पैसे तेवढेच देईन. ते म्हणाले, "साहेब, तुमची गाडी धुळीने माखलेली दिसली तर बाकीचे म्हणतील की मी कामचुकारपणा करतो. माझी चार घरे तुटतील." त्यांचे म्हणणे मला रास्त वाटले. शेवटी डाव्या मागच्या काचेला आतून कागद चिकटवला: "ही गाडी मालक स्वतः पुसतात." कागद पाहून शेजारच्या दोघांनी कारण विचारले, आणि आता तिघांच्या काचांना कागद आहेत. भाऊंचे तिन्ही घरांचे पैसे चालूच आहेत.

मी दर शनिवारी रिन्सलेस वॉश, म्हणजे वरून पुन्हा पाणी न ओतता करायचे धुणे, करतो. आठ लिटर पाण्यात दोन झाकणे द्रावण, सहा फडके, आणि एकदा वापरलेला फडका पुन्हा बादलीत जात नाही. पाणी टँकरचेच असल्याने प्रत्येक दार ओले असतानाच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घेतो, म्हणजे बांगड्या उठत नाहीत. कावळ्यांची विष्ठा आणि आमच्या फाटकाजवळच्या पर्जन्यवृक्षाचा चिकटा यांच्यासाठी डिकीत एक फवारा ठेवला आहे. ओला फडका त्यावर दोन मिनिटे ठेवून मग उचलतो, घासत नाही.

सीलंटचे दोन हात नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दिले, फटाक्यांची राख धुऊन झाल्यावर. पुढचा हात मेअखेरीस, पावसाच्या आधी देईन. दारावरचे दोन खळगे आहेत तिथेच आहेत. काल रंगारीकाकांना त्यांचे फोटो पाठवले. त्यांचे उत्तर आले, "सोडून द्या, दार उघडे असताना दिसत नाहीत." सोसायटीने अजून तो सांधा भरलेला नाही, म्हणून मी गाडी दीड फूट मागे लावू लागलो आहे.